शेतकऱ्याचा मजूर कसा होतो? स्टाइनबेकने मांडलेला हिशेब

दिवाळीच्या आगेमागे ऊसपट्ट्यातल्या गावांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. 'टोळी आली' असे आपण म्हणतो. या टोळीतल्या माणसाची त्याच्या गावी चौकशी केली तर बऱ्याचदा असे दिसते, की त्याच्या किंवा बापाच्या नावावर दोन-तीन एकर कोरडवाहू आहे, सातबारा आहे, सोसायटीचे जुने कर्ज आहे. तिकडे तो शेतकरी असतो. इकडे आला की 'कोयता' होतो. हत्याराचे नाव माणसाला पडते, आणि एकदा ते पडले की त्याच्याशी कसे वागायचे तेही ठरून जाते.

अमेरिकेत ९० वर्षांपूर्वी अशाच माणसांना 'ओकी' म्हणत. ओक्लाहोमा राज्यातून आलेला तो ओकी. शब्द साधा, पण कॅलिफोर्नियात तो शिवीसारखा वापरला जाई. या ओकींवर जॉन स्टाइनबेक या लेखकाने एक कादंबरी लिहिली, 'द ग्रेप्स ऑफ राथ', म्हणजे 'संतापाची द्राक्षे'. ती १४ एप्रिल १९३९ रोजी प्रसिद्ध झाली. शेतीच्या पानावर कादंबरी कशाला, असे कोणी विचारील. पण जमीन, कर्ज, ट्रॅक्टर, मजुरीचा दर आणि फळाचा भाव यांची सांगड या पुस्तकात जशी घातली आहे, तशी आमच्या खात्याच्या पुस्तिकांत सहसा सापडत नाही. गोष्ट अमेरिकेतली आहे, ती तिथलीच म्हणून सांगतो. आपल्याकडचे काय ते शेवटी बघू.

धूळ दिसली, ट्रॅक्टर दिसला नाही

पदविकेला मृदसंधारण शिकताना अमेरिकेतल्या धुळीच्या वादळांचा उल्लेख येतो. माळरानावरचे गवत नांगरून काढले, महायुद्धाच्या काळात गव्हाला भाव होता म्हणून नांगरट वाढवली, मग १९३० नंतर पावसाने दगा दिला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने नेली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ एवढे मोठे होते की त्या रविवाराला 'काळा रविवार' म्हणतात. त्याच महिन्यात तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला. समपातळीत नांगरट, पट्टा पेर, झाडांच्या रांगा हे सगळे पुढे आले. धडा इथे संपतो. त्या मातीवरची माणसे कुठे गेली, याचा धडा अभ्यासक्रमात नाही.

स्टाइनबेकने नेमके तिथून पुढे लिहिले. त्याच्या पुस्तकात धूळ आहेच, पण धुळीच्या मागोमाग ट्रॅक्टर येतो. १९३५ च्या सुमारास ओक्लाहोमात दहा शेतकऱ्यांतले सहा कुळे होते. वाट्याने कापूस करायचा, मालकाला हिस्सा द्यायचा, उरेल त्यात दुकानदाराची उधारी फेडायची. कापूस पडला, कर्ज थकले, जमीन मालकाकडून बँकेकडे गेली. एका ट्रॅक्टरला बारा-चौदा कुटुंबांचे काम उरकते असे मालकाच्या लक्षात आले, तशी कुळे उठवली गेली.

यात सरकारी योजनेचाही हात होता, आणि हा भाग ग्रामपंचायतीतल्या मंडळींनी जरा थांबून वाचावा. कापसाचे भाव सावरावेत म्हणून १९३३ मध्ये सरकारने पेरा कमी करणाऱ्याला पैसे द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला गेला. हेतू वाईट नव्हता, भावही थोडे सुधारले. पण पैसा जमीनमालकाच्या हाती आला. त्याने वाट्याच्या माणसाला त्याचा हिस्सा द्यावा असे कागदावर होते. प्रत्यक्षात अनेकांनी कुळे कमी केली आणि त्याच पैशात ट्रॅक्टर घेतले. कागदावर ज्याचे नाव नाही त्याच्या वाट्याला योजनेचा फायदा येत नाही, तोटा मात्र येतो. आपल्याकडे पीएम-किसानचे पैसेही जमीन नावावर असलेल्या कुटुंबालाच मिळतात, बटईने करणाऱ्याला नाहीत, हे आपण रोज बघतो.

कादंबरीत एक प्रसंग आहे. ट्रॅक्टर घर पाडायला येतो. चालवणारा कोण, तर शेजाऱ्याचाच पोरगा. तो म्हणतो, मला दिवसाला तीन डॉलर मिळतात, माझी पोरं जेवतात. घरधनी बंदूक घेऊन उभा आहे, पण गोळी कोणाला घालायची? पोराला हुकूम देणारा मॅनेजर, मॅनेजरला बँक, बँकेला पूर्वेकडचे मोठे मालक. शेवटपर्यंत समोर माणूस सापडत नाही. कर्जाची नोटीस हातात घेऊन साखा कार्यालय, तालुका आणि जिल्हा अशा फेऱ्या ज्याने मारल्या आहेत त्याला हा प्रसंग समजावून सांगायला नको.

टीकाकारांनी एक चूक पकडली, ती सांगितली पाहिजे. कादंबरीतले जोड कुटुंब (जोड हे त्यांचे आडनाव) सॅलिसॉ गावाजवळचे दाखवले आहे. हे गाव ओक्लाहोमाच्या पूर्वेला येते, आणि वादळांचा मुख्य पट्टा राज्याच्या पश्चिम टोकाला होता. म्हणजे लेखकाने तिथे दाखवली एवढी धूळ तिथे नव्हती. आक्षेप खरा आहे. पण कापसाची कुळे उठवली जाण्याचा प्रकार पूर्वेकडे खराच होता. कॅलिफोर्नियात गेलेले सगळे धुळीने उडवलेले होते हा समज वर्तमानपत्रांनी पक्का केला. खरे म्हणजे त्यातल्या पुष्कळांना कापसाच्या भावाने आणि ट्रॅक्टरने उठवले होते. दुष्काळाला दोष दिला की कोणालाच जाब द्यावा लागत नाही, हे सोयीचे पडते.

लेखक तिथवर कसा पोचला

स्टाइनबेकचा जन्म १९०२ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावचा. हे खोरे भाजीपाल्याचे, लेट्यूस नावाच्या पाल्याच्या भाजीचे. घर मध्यमवर्गी, आई शिक्षिका. पण तरुणपणी त्याने स्प्रेकल्स साखर कंपनीच्या शेतांवर मजुरांबरोबर काम केले होते. तिकडची साखर बीटाची, एवढाच फरक.

१९३६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने त्याला स्थलांतरित मजुरांवर लिहायला सांगितले. तो जुन्या गाडीतून खोऱ्यात फिरला. कालव्याच्या कडेला पुठ्ठ्याची, पत्र्याची, फांद्यांची घरे होती. पिण्याचे पाणी आणि घाण पाणी एकच. तिथे तापाने आणि उपासमारीने पोरे मरत होती. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्याचे सात लेख छापून आले. लेखात त्याने कुटुंबे एकामागून एक घेतली आहेत. पहिल्या कुटुंबाचे घर अजून झाडलेले आहे, पोरे शाळेत जातात. दुसऱ्याचे एक मूल गेले आहे आणि बापाची उमेद खचली आहे. तिसऱ्यात कोणी डोळे वर करून बघतही नाही. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत यायला किती दिवस लागतात, एवढेच तो विचारतो.

याच फिरतीत त्याची गाठ टॉम कॉलिन्सशी पडली. कॉलिन्स हा आर्विन इथल्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक, म्हणजे आपल्यासारखाच सरकारी कर्मचारी म्हणा. छावणीत पाणी, संडास, न्हाणीघरे होती आणि कारभार मजुरांच्याच निवडलेल्या समित्या बघत. कॉलिन्स दर आठवड्याला वर अहवाल पाठवी. त्यात आजारपण, मजुरीचे दर, कोण कुठून आले, भांडणे, गाणी, बोलण्याच्या लकबी असे सगळे लिहिलेले असे. हे अहवाल स्टाइनबेकने बरोबर नेले आणि कादंबरीचा मोठा मालमसाला त्यातून घेतला. पुस्तक दोघांना अर्पण केले आहे, एक त्याची बायको कॅरल आणि दुसरा हा टॉम. फिरतीची डायरी केवळ भत्त्यासाठी भरणाऱ्या आम्हा लोकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९३८ च्या सुरुवातीला व्हिसेलिया भागात पूर आला. हजारो कुटुंबे तंबूंत अडकून उपाशी होती. स्टाइनबेक तिथे मदतीला गेला आणि संतापून परतला. त्या संतापात त्याने बागायतदारांची टर उडवणारे एक पुस्तक लिहून पूर्ण केले आणि मे महिन्यात स्वतःच नष्ट केले. माणसांनी एकमेकांना समजून घ्यावे म्हणून मी लिहितो, आणि हे पुस्तक अर्धवट समजुतीतून द्वेष वाढवणारे झाले आहे, असे त्याने आपल्या माणसांना कळवले. त्यानंतर लगेच नव्याने बसून ऑक्टोबर १९३८ पर्यंत, म्हणजे साधारण पाच महिन्यांत, त्याने ही सहाशेहून जास्त पानांची कादंबरी लिहिली.

त्याचा हेतू काय होता हे मला या फाडलेल्या पुस्तकावरूनच नीट कळते. बागायतदार वाईट आणि मजूर चांगला असे लिहिणे सोपे होते, ते त्याने लिहून पाहिले आणि टाकून दिले. त्याला दाखवायचे होते ते यंत्र. त्या यंत्रात मजूर भरडला जातोच, पण लहान शेतकरीही भरडला जातो.

हँडबिलाचा हिशेब

घर मोडल्यावर जोड कुटुंबाच्या हातात एक हँडबिल पडते. कॅलिफोर्नियात तोडणीला माणसे पाहिजेत, मजुरी चांगली. बारा माणसे आणि बरोबर निघालेला एक जुना पाद्री, असे तेरा जण एका मोडक्या मोटारीचा ट्रक करून त्यात बसतात आणि ६६ नंबरच्या हमरस्त्याने निघतात. आजोबा पहिल्याच मुक्कामाला जातात. आजी वाळवंट ओलांडताना रात्री जाते. आई ते कोणाला सांगत नाही, प्रेताशेजारी रात्रभर पडून राहते. वाटेत शेतमालाच्या तपासणीचे नाके असते. बी-बियाणे, रोपे, भाजीपाला यांतून रोग-कीड राज्यात येऊ नये म्हणून सामान उतरवून बघतात. म्हातारी फार आजारी आहे, डॉक्टरकडे न्यायचे आहे, असे सांगून ती गाडी सोडवून घेते. किडीसाठी इतके दक्ष नाके, आणि त्याच नाक्यावरून माणसे कशी जात होती! लेखक यावर एक शब्दही भाष्य करत नाही.

वाटेत एक परत निघालेला माणूस भेटतो आणि हँडबिलाची मेख सांगतो. ठेकेदाराला जेवढी माणसे लागतात त्याच्या कितीतरी पट हँडबिले तो छापतो. ती वाचून त्याहून जास्त माणसे येतात. मग तो उपाशी गर्दीपुढे उभा राहतो आणि दर सांगतो. एकाने नाही म्हटले तर मागे दहा उभे. ज्याची पोरे जास्त उपाशी तो सगळ्यात कमी दरात तयार होतो, आणि तोच सगळ्यांचा दर ठरतो.

पुढे हेच प्रत्यक्ष घडते. पीच फळांच्या बागेत जोड कुटुंबाला पेटीला ५ सेंट दर मिळतो. मोठ्या आनंदाने सगळे झाडांना लागतात. फळ दबले तर पेटी बाद. संध्याकाळी घामाचा एक डॉलर बागेच्याच दुकानात जातो, तिथे गावापेक्षा भाव जास्त, आणि पोटभर जेवणही होत नाही. रात्री टॉमला कळते, की फाटकाबाहेर आरडाओरड करणारे लोक संपावरचे मजूर आहेत. त्यांना अडीच सेंट देऊ केले होते म्हणून ते बाहेर पडले. यांना ५ सेंट मिळत होते ते संप मोडण्यापुरते. संप मोडला की यांनाही अडीच. झालेही तसेच.

त्याच दुकानातला एक छोटा प्रसंग आहे. आईला कॉफीपुरती साखर हवी असते, पैसे संपलेले असतात. दुकानात बसलेला माणूसही पगारीच, उधार द्यायची त्याला सोय नाही. शेवटी तो स्वतःच्या खिशातले दहा सेंट गल्ल्यात टाकतो आणि साखर देतो. तोवर भाव जास्त घेतल्याबद्दल आपल्याला त्याचाच राग आलेला असतो.

आता लहान शेतकऱ्याचे बघा. टॉमस नावाचा एक छोटा शेतकरी आहे. तो तासाला ३० सेंट मजुरी देत असे. एक दिवस तो मान खाली घालून मजुरांना सांगतो, आजपासून २५. कारण? भागातल्या शेतकरी संघाने दर ठरवला आहे, संघाच्या मागे बँक आहे, आणि पुढच्या पिकाचे कर्ज त्याच बँकेकडून घ्यायचे आहे. ३० दिले तर कर्ज नाही. टॉमस स्वतः मजुरांच्या बरोबरीने कामाला असतो. तो माणूस वाईट नाही. पण दर त्याच्या हातात नाही.

पुढे फळाचा भाव पडतो. डबाबंद करण्याचे कारखाने ज्यांचे, मोठ्या बागाही त्यांच्याच. फळाचा भाव पाडला तर बागेत तोटा, पण डब्यात नफा. फक्त बाग असलेल्या लहान माणसाला ही सोय नाही. त्याची फळे झाडाखाली सडतात, बाग कर्जात जाते, आणि उद्या तोही रस्त्यावर मजूर म्हणून येणार असतो. भाव टिकावा म्हणून संत्र्यांच्या ढिगावर रॉकेल ओतले जाते, बटाटे नदीत टाकून काठावर पहारे बसतात, आणि पलीकडे उपाशी माणसे बघत उभी असतात. रस्त्यावर ओतलेला टोमॅटो आणि दूध आपण पाहिले आहे. ओतणाऱ्याचे दुःख आपल्याला कळते. बघणाऱ्यात कोण होते, हे आपण क्वचित विचारतो.

जाळले, बंदी घातली, मग काय झाले?

पुस्तक १९३९ मध्ये अमेरिकेत सर्वात जास्त खपले. पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक प्रती गेल्या. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, सिनेमा आला. १९६२ मध्ये स्टाइनबेकला नोबेल मिळाले. ही झाली एक बाजू.

दुसरी बाजू अशी. ज्या कर्न परगण्यात आर्विनची छावणी होती, तिथल्याच परगणा मंडळाने ऑगस्ट १९३९ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी वाचनालये आणि शाळांतून पुस्तक काढले. कारण दिले अश्लीलतेचे आणि बदनामीचे. तिथल्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी मंडळाला विरोधाचे पत्र लिहिले. नोकरी मंडळाच्या हातात असताना लिहिले, हे विशेष. असोसिएटेड फार्मर्स या बड्या बागायतदारांच्या संघटनेच्या स्थानिक पुढाऱ्याने आपल्याच एका मजुराच्या हातून पुस्तक जाळून फोटो काढून घेतला. त्या मजुराने ते वाचलेले नव्हते. ओक्लाहोमाचे एक खासदार संसदेत पुस्तकावर तुटून पडले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी १९४० मध्ये छावण्या स्वतः पाहिल्या आणि लेखकाने वाढवून लिहिलेले नाही असे सांगितले. सिनेटच्या ला फॉलेट समितीने कॅलिफोर्नियातल्या मजुरांची जाहीर सुनावणी घेतली. कर्नमधली बंदी १९४१ च्या सुरुवातीला उठली.

पण मजुराच्या हातात काय पडले? इथे मला कौतुकाचा सूर आवरता घ्यावा लागतो. १९३५ च्या कामगार संघटना कायद्यातून शेतमजूर वगळले होते. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातूनही वगळले होते आणि त्यात ते थोडेफार आले ते १९६६ मध्ये. पुस्तकाने हे बदलले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले, विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत नोकऱ्या निघाल्या, ओकी शेतातून बाहेर पडले. त्यांच्या जागी १९४२ पासून सरकारी कराराने मेक्सिकोचे मजूर आणले गेले. यंत्र तेच राहिले, माणसे बदलली. १९६५ मध्ये डेलानो भागात द्राक्षमजुरांचा संप झाला. त्याची सुरुवात फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने केली, सीझर चावेझ यांची संघटना त्यांना मिळाली. १९७० मध्ये बागायतदारांनी करार केले. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा आला तो १९७५ मध्ये. वाकून वाकून पाठ मोडणाऱ्या आखूड दांड्याच्या खोऱ्यावर बंदीही त्याच वर्षी आली. कादंबरीला तोवर ३६ वर्षे झाली होती.

आणखी दोन गोष्टी पुस्तकाच्या विरोधात जातात. ओकींच्या आधी या शेतांत चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो मजूर राबत होते. मंदी आली तशी मेक्सिकन लोकांना मोठ्या संख्येने परत धाडले गेले. लेखमालेत स्टाइनबेकने यावर लिहिले आहे, कादंबरीत मात्र ही माणसे जवळजवळ नाहीतच. गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यावर ही वेळ आली तेव्हा देशाला कळवळा आला, हे कडू असले तरी खरे आहे. दुसरी गोष्ट सॅनोरा बॅब यांची. या बाई छावण्यांत कॉलिन्सबरोबर काम करत आणि टिपणे ठेवत. त्यांची टिपणे स्टाइनबेककडे गेली. त्यांनी स्वतःही याच विषयावर कादंबरी लिहिली होती. स्टाइनबेकचे पुस्तक आले आणि प्रकाशकाने यांचे बाजूला ठेवले. ते छापून आले २००४ मध्ये, बाई तोवर नव्वदी ओलांडून गेल्या होत्या.

मग आपल्याकडे?

आपल्याकडचा ऊसतोड मजूर आणि ओकी एकच, असे म्हणणे चूक होईल. ओकी घर सोडून कायमचा गेला, आपला मजूर चैत्रात परत येतो. तिकडे जादा माणसे बोलावून दर पाडला जाई. इकडे उचल देऊन माणूस आधीच बांधला जातो. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून हंगामाआधी उचल, ती लग्नात, दवाखान्यात, पेरणीत गेलेली, फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या खात्यावर. तिकडे मजूर काम मिळेल का म्हणून घाबरलेला होता, इकडे काम सोडता येणार नाही म्हणून. त्यामुळे तिकडचे उपाय जसेच्या तसे इकडे चालणार नाहीत.

मात्र यंत्राचे दाते ओळखू येतात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यात १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एक खाडा पडला तर पैसे कापले जातात तिथे शरीराचाही हिशेब होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती मजुरांच्या संपानंतर आणि वाटाघाटींनंतर. लेख वाचून कोणी दर वाढवला नाही.

ट्रॅक्टरही आला आहे. ऊसतोडणी यंत्रासाठी राज्यात २०२३ मध्ये अनुदानाची योजना आली, ९०० यंत्रांसाठी, किमतीच्या ४० टक्के आणि कमाल ३५ लाख रुपये. मी कृषी खात्याचा माणूस, यंत्राला विरोध करणार नाही. मजूर मिळत नाहीत, ऊस वाळतो, ही तुमची अडचण खोटी नाही. फक्त ओक्लाहोमात झाले ते इतकेच, की ट्रॅक्टरला पैसा मिळाला आणि त्याच्यामुळे उठलेल्या बारा-चौदा कुटुंबांची नोंद कोणत्याच रकान्यात नव्हती.

नोंदीचे काम आता ग्रामसेवकांकडे आहे (पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले असले तरी गावात ग्रामसेवकच म्हणतात). ऊसतोड कामगारांची गावात नोंदणी करून ओळखपत्र द्यायचे आहे, मंडळाचे लाभ त्यावर अवलंबून आहेत. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये कल्याण महामंडळाला द्यायचे ठरले आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. या सगळ्याला लागणारा पहिला कागद गावातच तयार होतो. तो टोळी निघायच्या आधी, भाद्रपद-आश्विनातल्या ग्रामसभेत झाला तर उपयोग. गाव रिकामे झाल्यावर यादी करायला बसले तर घरी म्हातारी आणि कुलपे सापडतात. यादीत नवऱ्याबरोबर बायकोचे नाव स्वतंत्र घाला, कारण अर्धा कोयता तिचा आहे. आणि ज्यांच्या शिवारात टोळी उतरते त्या गावांनी पाण्याचा टँकर, अंगणवाडी आणि आशाताईंची फेरी कोप्यांपर्यंत जाते का ते बघावे. आर्विनच्या छावणीत याहून वेगळे फारसे काही नव्हते. नळ, संडास आणि मजुरांची स्वतःची समिती, एवढ्यावर बाहेरचे लोक तिला घाबरत असत.

कादंबरीचा मराठी अनुवाद निघालेला आहे. आपल्या गावात 'ड' वर्गाचे का होईना, ग्रंथालय असेल तर यंदाच्या खरेदीच्या यादीत ती घालायला ग्रंथपालांना सांगा. पुस्तक जाड आहे. सगळे वाचणे झाले नाही तर ट्रॅक्टरचे पाचवे आणि सडलेल्या फळांचे पंचविसावे प्रकरण तरी वाचा, आणि पारावर चार जणांना मोठ्याने वाचून दाखवा.